कोकमाचं पिंप

“साल बरोबर आलं की नाही, तेवढं सांगा, बुवा,” हर्डीकर वकील म्हणाले.

मठाच्या ओसरीवर, दौलतबुवांच्या पुढ्यात, काचेचं एक पिंप होतं. घागरीएवढं, आडवं, लाकडी घोडीवर बसवलेलं, तोंडाशी तोटी. पाहुण्याला बाटली दिसू नये आणि पेला मात्र भरावा, म्हणून साहेबलोक दारूसाठी असली पिंपं बाळगत. हर्डीकर वकिलांनी हे मुंबईच्या लिलावात घेतलं होतं आणि देवरुखपर्यंत मांडीवर आणलं होतं. सख्ख्या नातवालाही त्यांनी कधी इतका वेळ मांडीवर घेतलं नव्हतं.

दौलतबुवा पूर्वाश्रमी लिलावघरात जुन्या वस्तूंची पारख करत. पुढे त्यांनी संन्यास घेतला, पण डोळ्यांनी तो घेतला नाही. मठाला कोणी घंटा वाहिली, तर नमस्काराआधी ते ती उलटी करून बघत.

हर्डीकरांना त्यांचं शिष्य व्हायचं होतं. बुवांची अट साधी होती. एक वस्तू आणा आणि ओळखा. ओळखलीत तर मठात राहा, नाही तर दुपारची एसटी आहेच.

“पुरावा?” बुवा म्हणाले.

वकील खुलले.

“काच फुंकून केलेली. तळाशी नळी तोडल्याचा व्रण. तोटी पितळेची, वर निकेलचा मुलामा. बोहेमियाचं काम, अठराशे नव्वदच्या आसपासचं. विरुद्ध पक्षाला काही म्हणायचं असेल, तर...”

विरुद्ध पक्षाने पिंप उलटं केलं. व्रणावरून अंगठा फिरवला.

“साल बरोबर.”

“म्हणजे मी राहू?”

“वस्तू ओळखायची राहिली.”

“दारूचं पिंप! आणखी काय ओळखायचं?”

“यातली दारू कोण प्यायलं?”

“कोणीच नाही. एका संस्थानिकांच्या कपाटात होतं. त्यांनी हात लावला नाही, त्यांच्या मुलाने लावला नाही. माझ्याकडे तर पेटीतून बाहेरच निघत नाही. म्हणून तर इतकं कोरं राहिलंय!”

बुवांनी पिंप पुन्हा घोडीवर ठेवलं.

मग आत वळून म्हणाले, “सरूबाई, सरबत झालं का?”

मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सरूबाई कोकमाच्या सरबताची कळशी घेऊन आल्या. भजनाची मंडळी अंगणात घसा खाकरत बसलीच होती. बुवांनी पिंपाचं वरचं बूच काढलं आणि कळशी आत रिकामी केली.

“अहो, अहो बुवा! दारूचं भांडं आहे ते!”

“होतं का?”

तोटी फिरेना. बुवांनी जोर लावला. ती करकरली, फिरली, आणि लाल धार लागली. पहिलं भांडं भरून बुवांनी मागे मंडळींकडे सरकवलं आणि तोटी उलट फिरवली.

धार चालूच.

“बंद करा, बुवा!”

“होत नाही. तुमची आहे, तुम्ही करून बघा.”

वकिलांनी तोटी पिळली. मग तोंडाशी अंगठा लावला. सरबत बोटांमधून निघून थेट कोपरापर्यंत पोचलं.

“अंगठा कसला लावताय, वकीलसाहेब? भांडं लावा!” सरूबाई ओरडल्या.

वकिलांनी भांडं लावलं. ते भरलं. दुसरं लावलं, तेही भरलं. मृदंगवाला मृदंग टाकून धावला. कोणी तांब्या आणला, कोणी वाटी. एकाने तर झांजच उताणी धरली. नेम चुकला की सगळे वकिलांना शिव्या घालत आणि नेम साधला की दाद देत. कोर्टात त्यांना इतकी दाद कधी मिळाली नव्हती.

“मागच्यांना येऊ द्या!” वकील ओरडत होते. “मास्तर, ढकलू नका! तुमचं हे दुसरं चाललंय, मी साक्षीदार आहे! सरूबाई, तुम्ही घेतलंत का? घ्या आधी!”

शेवटी धार बारीक झाली, थेंबावर आली, थांबली.

ओसरी चिकट झाली होती. वकिलांचा पांढरा सदरा आता कुठल्याही पक्षाला चालला नसता.

बुवांनी विचारलं, “हं, वकील. वस्तू कोणती? आणि कधीची?”

वकिलांनी पिंपाकडे पाहिलं. मिशा पुसणाऱ्या मंडळींकडे पाहिलं...

आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसले. डोळे पुसायला बाही वर नेली, तर तीही लाल.

“सकाळपर्यंत सांगता येत होतं, बुवा,” ते कसंबसं म्हणाले. “आता काही सुचत नाही. हरलो मी. निघतो, एसटी येईल.”

बुवांनी आपलं रिकामं भांडं पुढे केलं.

“निघता कुठे? मला अजून मिळालेलं नाही.”