ऑर्नेलाचा मातीचा पक्षी

एकदा काय झालं, बरं का, दूर इटली देशात, डोंगरावरच्या एका गावात ऑर्नेला नावाची बाई राहायची. मातीची मोठी कलाकार. तिच्या वस्तू बघायला शहरांतून माणसं यायची. पण स्वभाव कसा? नाकावर माशी बसू द्यायची नाही. वस्तूवर इवलासा डाग दिसला, की फोडलीच!

मग एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. आग विझली, पण पाखरं उडून गेली ती गेलीच. आता पाखरंच नाहीत, तर द्राक्षांच्या वेलींवरच्या अळ्या कोण टिपणार? अळ्यांनी मळेच्या मळे फस्त केले. लोक बोचकी बांधायला लागले. गावच उठलं, तर तिनं जायचं कुठं?

ती म्हणाली, "मी मातीचा पक्षी करते. तो वाऱ्यावर हाक मारील, मग पाखरं परत येतील."

मग तिनं पक्षी केला, आतून पोकळ. पोकळ वस्तूला भोक ठेवावंच लागतं हं, नाहीतर भट्टीत फुटते. पण भोक दिसलं तर शोभा जाते ना? म्हणून तिनं ते पोटाखाली ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पक्षी निळाशार भाजून निघाला. गावच्या भिंतीवर बसवला. वारा सुटला. पक्षी गप्प.

मग दुसरा केला, पीसन्‌पीस कोरलेला. तोही गप्प.

मग तिसरा घडवला, तोवर निम्म्या गावानं गाड्या भरल्या. ओल्या मातीचा पक्षी पुढ्यात घेऊन ऑर्नेला रडायलाच लागली.

शेजारच्या तेरेझाआजी आल्या काठी टेकत, माझ्याएवढ्याच म्हाताऱ्या. त्यांनी पक्षी उलटा करून पाहिला.

"अगं पोरी, याचं तोंड तू बुडाखाली दाबलंस. मग गाईल कसा बिचारा?"

"पण आजी, वर केलं तर भोक सगळ्यांना दिसेल!"

"दिसू दे की. तुला पाखरं हवीत का शाबासकी?"

ऑर्नेलानं डोळे पुसले. मग तिनं खालचं भोक बुजवलं आणि पक्ष्याच्या ऐन पाठीवर काडी खुपसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःची वस्तू स्वतःच बिघडवली होती.

तेरेझाआजींनी गाड्या अडवल्या. "भट्टी निवेपर्यंत थांबा रे."

मग पक्षी वाळला, भाजला, निवला आणि भिंतीवर बसला. वारा पाठीवरून गेला, आणि काय सांगू, पक्षी घुमला! हूऽऽ, हूऽऽ! आधी एक चिमणी आली. मग दहा आल्या. मग आभाळच भरून गेलं. ऑर्नेला तिथंच मातीत बसली आणि हसता हसता रडली.

पाखरांनी अळ्या टिपल्या, वेलींना पालवी फुटली, बोचकी पुन्हा घरात आली. पुढं कुणी विचारलं, "बाई, तुमची सगळ्यात देखणी वस्तू कुठली?" की ऑर्नेला भिंतीवरच्या त्या भोकाच्या पक्ष्याकडं बोट दाखवायची.

तर अशी ती सगळी माणसं सुखात नांदली. पाखरंसुद्धा केव्हाच झोपली. आता तुम्हीही पांघरूण ओढा बघू.