तरटे महाराज आणि गोजराबाईचा कोंबडा

तरटे महाराज कोरडवाडीत येऊन चार महिने चिंचेखाली राहिले, त्या सालची ही गोष्ट. अंगावर एक तरट आणि जवळ एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार. गावात गोजराबाई नावाची कोळ्याची विधवा होती. परसातल्या बारा कोंबड्यांवर तिचं पोट चाले. रोज सकाळी ती महाराजांची जागा झाडून सडा घालून जाई. मागणं काही नसे. शिदोजी पाटलांना मात्र ते खुपे. हातात कोंबड्यांची घाण आणि तोंडात देवाचं नाव, असं ते चारचौघांत बोलत आणि भोवतीचे खुशमस्करे हसत. गोजराबाईने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. महाराज आपले आहेत, एवढं तिला पुरे होतं.

पाटलांनी महाराजांच्या नावाने भंडारा घालायचं ठरवलं. जमिनीखालचं पेव उघडून साठवणीचा जोंधळा वर काढला आणि दोन-तीन दिवस खळ्यात उन्हाला घातला. खळं गोजराबाईच्या परसाला लागूनच होतं.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्या कोंबड्या पंख पाडून बसल्या. भंडाऱ्याच्या सकाळी खुराडं उघडते तो तीन मेलेल्या, बाकीच्यांच्या माना लुळ्या. तिने हळदीचं पाणी पाजलं, लसूण भरवला, कशाचा उपयोग होईना. हे कशाने झालं, तेही कुणाला सांगता येईना. पाटलांना आयतं निमित्त मिळालं. मरी हिच्याच घरातून गावात शिरणार. आज सांजेच्या आत सगळी पाखरं मारून शिवेबाहेर पुरा आणि बाईलाही गावात ठेवू नका, असा त्यांनी हुकूम सोडला.

हुकूम गोजराबाईच्या कानावर गेला. पण ती रडत बसली नाही, तडक चिंचेखाली गेली.

"म्हाराज, माजी पाखरं चालली. तुमी या," एवढंच म्हणाली. काय तो विश्वास!

महाराज लगेच उठले. परसात निपचित पडलेला कोंबडा त्यांनी मांडीवर घेतला, चोचीत तांब्यातलं पाणी सोडलं, मानेवरून हात फिरवला. मग त्याला काखेत घेऊन ते थेट भंडाऱ्याच्या पंगतीत गेले. गोजराबाई मागोमाग. लोकांनी नाकं मुरडली, पण महाराजांना अडवणार कोण?

पानं वाढून झाली होती, नामघोष तेवढा बाकी होता. महाराजांनी कोंबड्याला खाली ठेवलं. आणि नवल पाहा! ज्याला मान उचलवत नव्हती तो उठला, पंगतीतून चालत गेला आणि पाटलांच्या चार वर्षांच्या नातीच्या पानावर पंख पसरून उभा राहिला. पोरीने भाकरीकडे हात नेला की तो अंगावर येई. पाटील काठी घेऊन धावले.

"पाटील, दोन दिवसांचा उपाशी आहे तो," महाराज शांतपणे म्हणाले. "त्याच भाकरीचा तुकडा टाका बघू त्याच्यापुढे."

तुकडा पडला. कोंबडा मागे सरला. पुन्हा टाकला, पुन्हा सरला. महाराज पाटलांकडे वळले.

"तुमच्या खळ्यात सांडलेलं वेचून ही पाखरं पडली. पेवाच्या तळाशी काय होतं, ते तुम्ही सांगता की आम्ही सांगू?"

पाटलांनी काठी खाली टाकली. पेवात पाणी झिरपून तळाचा जोंधळा काळा पडला होता, बुरसटला होता. तो टाकून द्यायला जिवावर आलं, म्हणून त्यांनी चांगल्यात मिसळायला लावला होता. गावजेवणाला कोण एवढं बघतंय, असंही तेव्हा म्हणाले होते. आता समोर नात बसली होती. त्यांनी स्वतः धावत जाऊन लोकांना पानावरून उठवलं.

महाराजांनी कोंबडा काखेत घेतला, तांब्या गोजराबाईच्या हाती दिला आणि ते तिच्यामागोमाग निघाले. तिने घरी येऊन एकेका पाखराला घोटभर पाणी पाजलं, आणि ऊन कलायच्या आत नऊच्या नऊ पाखरं परसात माती उकरू लागली.

तेवढ्यात पाटील महाराजांना शोधत तिथे आले आणि पाय धरायला वाकले. महाराज बाजूला झाले.

"नात कुणाच्या दारच्या पाखरामुळे वाचली, पाटील? तिथे वाका."

गोजराबाई संकोचून मागे सरली. पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं, गुडघे टेकले, आणि कोंबड्यांनी उकरलेल्या त्या मातीवर डोकं ठेवलं.