शिदूने वाट सोडली नाही

डोंगराच्या माथ्यावर कातळवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात शिदू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं सगळं करायचा. तेवढंच करायचा.

उत्तमशेठनं शहरातल्या पाहुण्यांना फिरवायला एक चारचाकी फटफटी आणली. जाडजूड चाकांची, दगडधोंड्यांवरून उड्या मारत जाणारी. वाट होती गावच्या गायरानातून. चालवायला शिदूला ठेवला.

पहिल्याच दिवशी शिदूनं गाडी अशी भर्रकन काढली, की पांडबाच्या म्हशी शेपट्या वर करून उधळल्या. संध्याकाळी एकीनं दूधच दिलं नाही. पांडबा तणतणत आला.

शेठ म्हणाले, "शिदू, जनावर दिसलं की इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, आणि ते जाईपर्यंत जागचं हलायचं नाही."

"बरं," शिदू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावचा वळू शिंगं रोखून आला. शिदूनं इंजिन बंद केलं. खाली उतरला. हलला नाही. मागे बसलेला पाहुणा केव्हाच झाडावर चढला होता. वळूनं शिदूला उचलून घाणेरीच्या जाळीत टाकलं.

त्याच्या पाठीतले काटे काढत शेठ ओरडले, "अरे शहाण्या, कुणी अंगावर धावून आलं तर गाडी दामटायची! मागं वळून बघायचं नाही!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी हौसाक्का हाका मारत धावत आली. पाहुण्याचा मोबाइल तिच्या बांधावर पडला होता, तो द्यायला. शिदूनं गाडी दामटली. मागं वळून बघितलं नाही. पुढंही फारसं बघितलं नाही. गाडी तिच्या नाचणीच्या रोपांतून आरपार गेली.

शेठनं कपाळाला हात लावला. "माणूस आलं तर थांबावं रे! हात जोडावेत! देईल ते गोड मानून घ्यावं!"

"बरं."

चौथ्या दिवशी हौसाक्काचा दादला काठी घेऊन आला. शिदू थांबला. हात जोडले. दादल्यानं दोन रट्टे दिले. शिदूनं ते गोड मानून घेतले आणि विचारलं, "अजून काही द्यायचंय का?"

होतं.

मग मात्र गाव चिडलं. गायरानातली वाट बंद करायची, अशी बोलणी सुरू झाली. वाट बंद म्हणजे शेठचा धंदा बंद. शेठ सरपंच कलावतीकाकींकडे गेले. "काकी, गावाची माफी मागतो, सगळ्यांना जेवण घालतो. मग काय ते ठरवा."

"जेवण घाला," काकी म्हणाल्या, "पण तुमच्या गड्याला आता मीच शिकवते." त्यांनी शिदूला समोर उभं केलं. "काही झालं तरी वाट सोडायची नाही. गाडी मुंगीच्या पावलानं हाकायची. आणि भेटेल त्या प्रत्येकाला रामराम घालायचा. समजलं?"

"समजलं," शिदू म्हणाला. खरंच समजलं होतं.

जेवणाच्या दिवशी काकींचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांना आणायला शेठनं शिदूला गाडी घेऊन धाडलं. इकडे देवळाचं आवार पुरेना, तेव्हा वाढप्यांनी वाटेवरच पंगत मांडली. दोन्ही कडांना माणसं, समोरासमोर पत्रावळी, त्यांवर वाफाळता भात, आमटी, जिलबी.

वळण घेऊन शिदू आला.

"अरे, बाजूनं घे! बाजूनं घे!" मागून काकी ओरडल्या.

काकी परीक्षा घेतायत, हे शिदूनं लगेच ओळखलं. तो हसून म्हणाला, "वाट सोडायची नाही, काकी."

डावी चाकं डाव्या ओळीवरून निघाली, उजवी उजव्या ओळीवरून. मुंगीच्या पावलानं. त्यामुळे एकही पत्रावळ चुकली नाही.

"रामराम, पांडबा." फच्च.

"रामराम, हौसाक्का." फच्च.

हौसाक्काच्या दादल्यानं जिलबी तेवढी उचलून घेतली. त्यालाही रामराम मिळाला.

पंगतीच्या टोकाला शेठ हातात तुपाची वाटी घेऊन उभे होते. तसेच उभे राहिले. काकी खाली उतरल्या, तोंडावरची आमटी पदरानं पुसली आणि एवढंच म्हणाल्या, "वाट बंद!" अख्ख्या गावानं भाताचे हात वर केले.

शिदूनं इंजिन बंद केलं. तो शेठजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "शेठ, दुसरी पंगत कधी बसणार? त्यांना रामराम घालायचा राहिलाय."