एक पायरी वरची नोंदणी

एका बाजाराच्या गावात एकच तेलाचा घाणा होता, उद्धव करपे याचा. करडई म्हणा, शेंगदाणा म्हणा, त्याच्या घाण्यावरून काढून आणलेल्या तेलाची फोडणी घातली की वास पलीकडच्या गल्लीत जायचा. माणूस कामाला वाघ. भेसळ करायचा नाही, मापात मारायचा नाही. बायको गिरिजा दिवसभर त्याच्या जोडीला उभी असायची. घाण्यात फिरणारी लाकडी लाट कधी थांबवायची, पेंड कधी काढायची, हे तिलाही त्याच्याइतकंच कळायचं.

उद्धवमध्ये खोट एकच होती. दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नसे. शेजाऱ्याने नवी गाडी आणली की याला जेवण जात नसे. कुणाच्या मुलीचं चांगल्या घरी जमलं की हा आधी विचारायचा, "मुलात काही खोड तर नाही ना?" अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. असू द्या, नावं सांगू नका.

समोरच्या घरात मैनाबाई शेलार राहायची. बारा वर्षं ती उद्धवच्या घाण्यावर शेंगा निवडायला येत होती. तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी गावभर नावाजलेली. एके वर्षी तिने तीन मैत्रिणींना गोळा केलं आणि चौघींनी चटणीचा धंदा काढला. तेल त्या उद्धवकडूनच घ्यायच्या. म्हणजे उद्धवचा फायदाच झाला. पण फायदा दिसायला डोकं ठिकाणावर असावं लागतं.

मैनाबाई व्यवहाराला पक्की. ती तालुक्याला खांबेटे वकिलांकडे गेली.

वकिलांनी विचारलं, "धंद्यात किती जणी?"

"चौघी. चौघींनी सारखंच घातलंय."

"उद्या एखादी सोडून गेली तर?"

मैनाबाई म्हणाली, "तेच लिहून पाहिजे साहेब. भांडण व्हायच्या आधी."

वकिलांनी भागीदारीचा करार केला. कुणी काय करायचं, नफा कसा वाटायचा, बाहेर पडायचं तर कसं पडायचं, सगळं त्यात आलं. कराराची रीतसर नोंदणी झाली. आठवड्याने तिच्या घरातच काढलेल्या दुकानावर पाटी लागली, 'मैनाबाई शेलार आणि मंडळी'.

सकाळी दात घासता घासता उद्धवने ती वाचली आणि चूळ भरायचंच विसरला. त्याच्या स्वतःच्या पाटीवर नुसतं 'करपे तेल घाणा' होतं. धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर, एकल मालकीचा. वीस वर्षं त्यात काही कमी पडलं नव्हतं. त्या सकाळी पडलं.

"काल माझ्या अंगणात शेंगा निवडत होती," तो गिरिजाला म्हणाला, "आज हिला मंडळी झाली."

"तुम्हाला मंडळी कशाला पाहिजे?" गिरिजा म्हणाली. "मी आहे ना."

उद्धवला ते ऐकू गेलं नाही. पोटात दुखायला लागलं की माणसाला कानानेही कमी ऐकू येतं. दुसऱ्याच दिवशी तो एसटीने तालुक्याला गेला आणि त्याच वकिलांसमोर बसला.

"मला धंद्याची नवी नोंदणी करायची आहे," तो म्हणाला.

"घाणा कुणाचा?"

"माझा."

"भांडवल कुणाचं? निर्णय कोण घेतं?"

"मीच. दुसरं कोण घेणार?"

"मग आहे तेच बरं आहे उद्धवराव. एकट्याचा धंदा, एकट्याची मालकी. कागद कमी, कटकट कमी."

उद्धवने खुर्ची पुढे ओढली. "मैनाबाईची कुठली?"

"भागीदारी."

"तिच्या वरची कुठली?"

खांबेटे वकिलांनी चष्मा काढला. "यात वरची-खालची नसते हो. चपलेसारखं आहे. पायाला बसेल ती घ्यायची. शेजाऱ्यापेक्षा दोन नंबर मोठी घेतली तर माणूस पडतो."

"मला तिच्यापेक्षा मोठी पाहिजे," उद्धव म्हणाला.

वकील पोटासाठी वकिली करत होते, पण मनाने सरळ होते. त्यांनी नीट समजावलं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी निघते. धंदा बुडाला तर घेणेकरी सहसा घरापर्यंत येत नाहीत, हा तिचा गुण. पण कायद्याच्या लेखी कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती. घाणा तिच्या नावावर केला की तो उद्धवचा राहणार नाही, कंपनीचा होईल. आणि कंपनीत ज्यांच्याकडे शेअर जास्त, त्यांचं चालणार.

"एकट्या माणसालाही कंपनी काढता येते," ते म्हणाले. "तुम्हाला कंपनीच हवी असेल तर ती काढा. सगळं तुमच्याच हातात राहील."

"तिच्यात नावं किती लागतात?"

"सभासद एकच."

"मग नको," उद्धव म्हणाला. "मैनाबाईकडे चार आहेत."

घ्या. इथे त्याचं नशीब ठरलं. धंद्याला काय लागतं हे विचारायचं सोडून त्याने समोरच्या पाटीवरची माणसं मोजली.

आता नावं आणायची कुठून? उद्धव नातेवाइकांकडे फिरला. साडू हिरामण, दोन चुलतभाऊ, एक मावसभाऊ, मेहुणा, भाचा आणि आतेभाऊ. यातल्या कुणी जन्मात घाण्यात शेंगा टाकल्या नव्हत्या. हिरामण म्हणाला, "नुसतं पाटीवर नाव देऊन काय करू? शेअर दे." एकाला दिले म्हणून दुसऱ्याने मागितले. कुणी रुसायला नको म्हणून उद्धवने सगळ्यांना सारखे शेअर दिले. तो स्वतः आणि गिरिजा धरून नऊ जण झाले.

वकिलांनी पुन्हा हात धरला. "निम्म्याहून जास्त शेअर स्वतःकडे ठेवा. एवढं तरी ऐका."

"घरचीच माणसं आहेत," उद्धव म्हणाला. त्याला घाई होती. मैनाबाईच्या दुकानाला वर्ष व्हायच्या आत त्याला पाटी लावायची होती.

घाणा, शेड, शेडखालची जागा, सगळं कंपनीच्या नावावर झालं. सही करायच्या आधी गिरिजाने पेन खाली ठेवलं. "अहो, हे आपलंच राहील ना?" तिने विचारलं. उद्धव पेंटरशी अक्षरांच्या उंचीवरून वाद घालत होता. "कर गं सही," तो म्हणाला.

पाटी लागली. 'करपे ऑइल प्रायव्हेट लिमिटेड', आणि खाली नऊ नावं. मैनाबाई वाचते कधी, म्हणून उद्धव चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला. तीन कप झाले. शेवटी मैनाबाई आली, तिने सावकाश पाटी वाचली आणि रस्ता ओलांडून चटणीचा डबा त्याच्या हातात ठेवला.

"चांगलं झालं उद्धवभाऊ," ती म्हणाली. "तुमची भरभराट झाली की आम्हालाही तेल चांगलं मिळेल."

ती जळली असती तर उद्धवला गोड झोप लागली असती. ती खूश झाली आणि याचा तिळपापड झाला.

त्या कंपनीने उद्धवला दुसरा उद्योग लावला. दरवर्षी सभा घ्या, इतिवृत्त लिहा, हिशेब तपासून घ्या, कागद वेळेत भरा. सकाळी घाण्यावर उभा राहणारा माणूस आता फायली घेऊन तालुक्याला हेलपाटे घालू लागला. घाणा गिरिजा एकटी सांभाळायची.

तीन वर्षं गेली. मैनाबाईच्या चटणीला मागणी वाढली, हात वाढले. चाराच्या चाळीस जणी झाल्या. चौघींनी मालक व्हायचं आणि बाकीच्यांनी राबायचं, हे तिला पटेना. तिने वकिलांना विचारलं आणि सहकारी संस्था नोंदवली. जी राबेल ती सभासद, आणि प्रत्येक सभासदाला एक मत. मैनाबाईलाही एकच. तिने दुकानावरचं स्वतःचं नाव खाली उतरवलं आणि संस्थेचं वर चढवलं.

स्वतःचं नाव कुणी आपल्या हाताने उतरवतं, हे उद्धवच्या डोक्यात शिरलंच नाही. त्याला फक्त आकडा दिसला. तिच्याकडे चाळीस आणि आपल्याकडे नऊ.

तो पुन्हा वकिलांकडे गेला. "आता पब्लिक लिमिटेड," तो म्हणाला.

"कशासाठी?" वकिलांनी विचारलं. खरं कारण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं.

"त्याला सभासदांची मंजुरी लागते," वकील म्हणाले. "सभा बोलवा."

एरवी कुणी सभेला फिरकत नसे. कागदावर सह्या करून मोकळे व्हायचे. या वेळी उद्धवने स्वतः घरोघर जाऊन बोलावणी केली, सगळ्यांना एकत्र आणलं आणि चहा-भजी ठेवली. त्याने आपला बेत सांगितला. सगळे शांतपणे भजी खात होते.

मग हिरामणने हात पुसले. "मोठी पाटी कशाला? विषय निघालाच आहे तर मी बोलतो. गावाबाहेरून नवा रस्ता चाललाय. आपल्या जागेला गिऱ्हाईक आहे, एक व्यापारी गोदाम बांधायला मागतोय. घाणा मोडू, जागा विकू आणि मोकळे होऊ."

"घाणा माझा आहे," उद्धव म्हणाला.

"कंपनीचा आहे," हिरामण म्हणाला. तो वाईट बोलत नव्हता. कागदावर होतं तेच बोलत होता.

रीतसर नोटीस निघाली, पुन्हा सभा झाली आणि हात वर झाले. विकायच्या बाजूने सात. विरुद्ध दोन, उद्धवचा आणि गिरिजाचा. वीसहून जास्त वर्षं ज्याने घाणा चालवला त्याचं एक मत, आणि ज्याने घाण्याचं तोंड पाहिलं नाही त्याचंही एकच. हे वाटप त्यानेच केलं होतं.

ही बातमी मैनाबाईला कळली. ती त्याच दिवशी आली आणि सगळ्यांसमोर बोलली. "व्यापारी देतोय तोच भाव आमची संस्था देईल. जागा आणि घाणा आम्ही घेतो. घाणा हलवायचा नाही. उद्धवभाऊंनी तो चालवायचा, सभासद व्हायचं. गिरिजावहिनींनीही. गावात त्यांच्यासारखं तेल कुणाला काढता येतं?"

हिरामणने नातेवाइकांकडे पाहिलं. भाव सारखाच होता, त्यांचं काही अडत नव्हतं. शेवटी त्यांनाही उद्धवची थोडी दया आली असावी. "तू म्हणशील त्याला देऊ," हिरामण म्हणाला.

गिरिजा उद्धवकडे बघत राहिली. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द बोलला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी घाणा त्याच्याच हाताने सुरू झाला असता.

उद्धवने समोर पाहिलं. संस्थेच्या यादीत आपलं नाव एक्केचाळिसावं लागलेलं त्याला दिसलं. तिच्या अंगणात आपण शेंगा निवडतोय, असं त्याला वाटलं. त्याच्या पोटात इतकी कळ आली की घाणा, गिरिजा, इतकी वर्षं, सगळं त्या कळेपुढे लहान झालं.

"व्यापाऱ्याला द्या," तो म्हणाला.

मैनाबाई निघून गेली. गिरिजा आत गेली आणि पाठ फिरवून बसली.

व्यापाऱ्याला जागेशी मतलब होता. त्याच्या माणसांनी घाणा उपसून काढला. बाभळीचं लाकूड, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. ते कुऱ्हाडीने फोडून जळणाला दिलं. म्हणतात, दोन दिवस विझलं नाही. उद्धव घराचं दार लावून बसला होता.

विक्रीचा त्याचा वाटा त्याला मिळाला. हातात मात्र काम उरलं नाही.

महिनाभराने गिरिजाने एक दिवस सकाळी लवकर स्वयंपाक आटोपला आणि पायात चप्पल घातली. "मी समोर जातेय," ती म्हणाली. "संस्था नवा घाणा बसवतेय. त्यांना तेल काढणारं माणूस पाहिजे."

"तू जाणार? तिच्याकडे?"

"तिच्याकडे नाही. मी सभासद झाले आहे," गिरिजा म्हणाली आणि गेली.

घाणा लहान होता, पण गिरिजाचा हात मोठा होता. दिवाळीपर्यंत गावात तिच्या तेलाचं नाव झालं. लोक रस्त्यात थांबून तिला सांगायचे. उद्धव ओट्यावर बसून ऐकायचा. लोक उद्धवकडे बघून म्हणायचे, "वहिनींच्या हाताला चव आहे हो." तो मान हलवायचा.

एके दिवशी दुपारी गिरिजाने त्याला भाकरी वाढली. बाजूला चटणी ठेवली आणि तिच्यात ताजं तेल ओतलं. उद्धवने घास घेतला. तेल अस्सल होतं, तो काढायचा अगदी तसं. पेंड किती वेळ दाबायची हे जिला कळतं तिनेच काढलेलं.

"कसं झालंय?" गिरिजाने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने स्वतःच्या कामाबद्दल विचारलं होतं.

"चांगलं झालंय" एवढंच म्हणायचं होतं. शब्द त्याच्या जिभेपर्यंत आले. मग ओट्यासमोरून जाणारे लोक त्याला आठवले, वहिनींच्या हाताची चव आठवली, आणि जुनी कळ पुन्हा उठली. या वेळी ती मैनाबाईसाठी नव्हती.

"बरं आहे," तो म्हणाला आणि ताट बाजूला सारलं.

गिरिजाचं हसू गेलं. तिने ताट उचललं, राहिलेली भाकरी झाकून ठेवली आणि ती कामावर निघून गेली. त्यानंतर तिने त्याला कधी काही विचारलं नाही.

तात्पर्य: धंदा कुठल्या नावाने नोंदवायचा हे आपल्या कामाला आणि आपल्या माणसांना विचारून ठरवावं, शेजाऱ्याची पाटी बघून नाही, कारण जो हेव्याला भागीदार करून घेतो, त्याच्या हातून आधी धंदा जातो आणि मग घरातलं माणूस.