गॅलरीखालचं नळकांडं

नाशिकला धारणकर काकांच्या बंगल्यात ऋजुता खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. एकदा बाथरूममधला गॅस गिझर पिवळ्या ज्योतीनं जळू लागला आणि आंघोळ करता करता तिची चार वर्षांची ईरा चक्कर येऊन खाली बसली. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आत विषारी धूर कोंडतोय. गिझर बदला, तोवर पेटवू नका."

आपण उगाच तर घाबरत नाही ना, असं स्वतःला दहादा विचारून ऋजुता वर गेली. काका गॅलरीत कॉलनीतल्या मंडळींना प्राणायाम शिकवत होते. तिनं मेकॅनिकचं म्हणणं सांगून गिझर बदलून मागितला.

"अगं, तेवढ्याशा धुरानं काही होत नाही," काका सगळ्यांदेखत म्हणाले. "आजकालच्या आयांना मुलाला शिंक आली तरी डॉक्टर लागतो!"

मंडळी हसली. ऋजुता जागची हलली नाही.

"बरं काका, गिझर राहू दे. फक्त भिंतीला एक भोक पाडू द्या. धुराचं नळकांडं बाहेर काढते."

"काढ की! कुठे काढतेस?"

"बाहेरची भिंत एकच आहे. नळकांडं बरोबर या गॅलरीखाली निघेल. ईराची आंघोळ सातला, तुमच्या प्राणायामाच्याच वेळेला."

"भलतंच! तो धूर आम्ही नाकानं ओढायचा?"

"तेवढ्याशा धुरानं काही होत नाही ना, काका? आणि तुम्ही तर उघड्यावर बसता. माझी ईरा बंद दाराआड असते."

आता कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या आजी सतरंजी गुंडाळत उठल्या. "धारणकर, आधी हिचा गिझर बदला. आमचे श्वास तोवर घरीच घेतो आम्ही."

दुपारी काकांनी स्वतः उभं राहून विजेचा गिझर बसवून घेतला.