कात्रीतून वाचलेलं 'अगं'

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. अंबाबाईची शपथ. मी तिथं शेजारीच बसलो होतो... म्हणजे बसलो नव्हतो, त्या दिवशी मी सांगलीला एका लग्नात जेवत होतो. पण जिलबी खाता खाता ऐकली म्हणून काही गोष्ट खोटी होत नाही.

"मग आता नावच काढून घेणार म्हणतोस?" हैदर वस्तादांनी विचारलं.

"घेणार. मेसेज लिहून तयार आहे. निर्मात्याला पाठवायचा तेवढा राहिलाय."

सुहास कारंडे मुंबईहून निघाला तो थेट कोल्हापुरात, वस्तादांच्या खोलीवर येऊन धडकला होता. वस्ताद म्हणजे जुने शाहीर. सुहासला पहिलं यमक त्यांनी जुळवून दिलेलं. आता सुहास मोठा गीतकार. सिनेमे झाले, मालिका झाल्या, पुरस्कारांच्या बाहुल्यांनी कपाट भरलं. आणि तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"झालं काय, ते तरी सांग."

"मालिकेचं शीर्षकगीत लिहिलं. महिनाभर घासलं. सुरुवातीला पूर्ण वाजलं. मग जाहिराती वाढल्या. शेवटचं कडवं गेलं. मग मधलं..."

"मग?"

"मग नुसतं ध्रुवपद राहिलं. 'अगं सावळे, दारी उजाडलं.' तेही लांब वाटायला लागलं त्यांना."

"आता किती वाजतं?"

सुहास चटईची काडी उपसत बसला.

"बोल की लेका."

"'अगं'."

"अगं... काय?"

"काही नाही. नुसतं 'अगं'. मग पेटीचा तुकडा, आणि पडद्यावर माझं नाव. गीतकार सुहास कारंडे! लोक हसतात, वस्ताद. परवा एका समारंभात एक जण भर मांडवात म्हणाला, या, या, अगंकार!"

वस्ताद असे हसले, की त्यांची शेळी उठून आत आली. पुरावा म्हणून आणलेला गाण्याचा कागद चटईवर पडला होता. तो तिनं शांतपणे खाल्ला. ध्रुवपदापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. एक ओळ गाळली नाही.

"बघ," वस्ताद म्हणाले, "पुरतं घेणारं गिऱ्हाईक मिळालं तुला."

"चेष्टा नको. माझं नाव गेलं, की गाणंही जाणार. करारच तसा आहे. लिहून घेऊ देत दुसऱ्याकडून."

"पाठव मग."

सुहासनं फोन काढला. बोट टेकणार, एवढ्यात वस्तादांनी हात वर केला. दुसऱ्या हातानं भिंतीकडे खूण केली.

सात वाजले होते. भिंतीपलीकडे टीव्ही लागला. भरदार पुरुषी आवाजात हाक आली.

"अगं..."

पलीकडच्या स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मागोमाग म्हातारा, चिडका, लाडिक आवाज.

"आले, आले! जरा दम धरा की!"

सुहासचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

"कोण त्या?"

"सोनाबाई चौगुले. एकटीच असते."

"एकट्याच? मग दम कुणाला धरायला सांगतात?"

वस्तादांनी पानाचा डबा उघडला. पानाला चुना लावत बसले...

"तिचे मालक गुऱ्हाळावर होते. जन्मात कधी बायकोचं नाव घेतलं नाही गड्यानं. दिवाळीच्या आधी गेला."

पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी पदराला हात पुसत बसलं असावं.

सुहासनं मेसेज पुसला, डोळे पुसले आणि वस्तादांच्या पायाशी नमस्काराला वाकला.

वस्तादांनी पाय ओढून घेतले. खांद्याला धरून त्याला भिंतीकडे वळवलं.

"तिकडं कर."

त्यानं केला. पोपडे आलेल्या भिंतीला कपाळ टेकून. एवढ्या मनापासून तो व्यासपीठावरसुद्धा कधी वाकला नव्हता. उठला तेव्हा कपाळाला चुना लागला होता, तो त्यानं पुसला नाही.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. शेळी मी घातली. वस्तादांकडे शेळी कधीच नव्हती, कागद सुहासच्या खिशातच होता. भिंतीपलीकडचं मात्र माझं नाही. तसलं मला सुचत असतं, तर मी लग्नांत जिलब्या खात हिंडलो असतो का?

आणि निघताना, चपला घालता घालता सुहासनं विचारलं, तेही खरं.

"वस्ताद, सांगू का हो त्यांना? तो शब्द माझा आहे म्हणून?"

वस्तादांनी विडा तोंडात टाकला.

"सांग की. मग उद्यापासून 'आले, आले' म्हणंल का ती?"