दोन मळ्यांची विहीर

फार जुन्या काळी एका राजधानीच्या वेशीबाहेर दोन जावांचे दोन लहानसे मळे होते. थोरली येसू, धाकटी गिरजा. दोघींचेही नवरे लढाईत कामी आलेले. मळे वाटलेले, पण विहीर एकच. सकाळी येसूची मोट चाले, दुपारनंतर गिरजेची. दोघींची मेथी-कोथिंबीर एकाच गाडीतून बाजारात जाई.

शहर वाढत चाललं होतं. वेशीजवळचे मळे एकेक करून उठू लागले, तशी राजाला काळजी पडली. त्यानं दवंडी पिटवली, "शहराला ताजी भाजी पुरवणाऱ्या लहान मळ्यांना सरकारातून मदत! विहीर खोल करून, दगडानं बांधून मिळेल."

कारभारी पाहणीला आला, तेव्हा गिरजा बाजारात गेली होती.

"विहीर कुणाची?" त्यानं विचारलं. "सामायिक असेल तर मदत द्यायचा हुकूम नाही."

येसू घुटमळली. दोघींची म्हणावं, तर हा तसाच पुढं जाणार. दोघी मिळून राजाकडे गेलो, तर तो ऐकेलही. पण नाही ऐकलं तर? खाली बघत ती म्हणाली, "माझी आहे. एकटीची."

विहीर बांधून झाली. गिरजा मोट जुंपायला आली, तर विहिरीवर बसवलेल्या सरकारी शिपायानं तिला अडवलं. "सरकारी मदतीचं पाणी दुसऱ्याच्या मळ्याला द्यायचं नाही."

"अक्का, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

खरं सांगावं तर शिक्षा होणार. येसू दोर धरून नुसती उभी राहिली.

गिरजेची मेथी उभ्या उभ्या वाळली. तिनं मळा वीटभट्टीवाल्याला विकला आणि कुणाला न सांगता शहरात निघून गेली. भट्टीवाल्यानं विटांसाठी तिथली माती खणायला घेतली. खड्डा खोल खोल होत गेला, आणि येसूच्या विहिरीचं पाणी झिरपून त्यात उतरू लागलं. जी काही भाजी हाती येई, तिच्यावर भट्टीची काजळी. गिऱ्हाईक जुडी उचली आणि परत ठेवी.

येसू कारभाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "तुला एकदा मदत दिली ना बाई? पुन्हा मिळत नसते."

शेवटी ती गिरजेला शोधत शहरात गेली. एका धर्मशाळेच्या मागं गिरजा भांडी घासत बसली होती.

"गिरजे, चुकलं माझं. परत चल. दोघी मिळून राजाच्या पाया पडू."

गिरजेनं राखेचे हात थांबवले. "अक्का, तेव्हा म्हणाला असतात, तर तशीच उठून आले असते. आता कुठं येऊ? माझ्या मळ्यातली माती लोकांच्या भिंतींत गेली."

येसू रिकाम्या हातानं परतली. पुढल्या हिवाळ्यात तिचाही मळा भट्टीवाल्याकडे गेला, आणि वेशीबाहेर हिरवं म्हणून काही उरलं नाही.

तात्पर्य एवढंच: जे दोघांचं आहे ते एकट्याचं सांगून मदत घेतली, की आधी शेजारी उठतो, आणि त्याच्यामागून आपणही.